साळवे बाई, भूगोलाच्या त्या सात फॉर्मांबद्दल

बाई,

तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं असं मी लिहिणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. गेलेल्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क द्यायची आपल्याकडे रीत आहे, आणि तुम्ही तर उत्तर बरोबर असूनसुद्धा पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून दोन मार्क कापायचात. म्हणून पायऱ्या लिहिते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

श्रीरामपूरला तुम्हाला माती दिली त्या दिवशी मी मागे, कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी होते. शाळेतले बरेच जण आले होते. मुख्याध्यापक बोलले. म्हणाले, "साळवे मॅडम मनाने निर्मळ. फॉर्मच्या कामात जरा विसराळू होत्या, पण मनाने निर्मळ." दोन-तीन पालक हसले, मायेनं हसले. त्यातल्या एकाची मुलगी आज पुण्यात इंजिनिअर आहे, ती तुमच्या त्याच विसराळूपणामुळे, आणि त्यामागचं खरं काय ते त्याला अजून माहीत नाही. मला माहीत होतं. मी कुठेही माईक हातात घेणारी, तहसील कचेरीसमोर, एसटी स्टँडवर, गणपतीच्या मांडवातसुद्धा. त्या दिवशी मूठभर माती टाकली आणि तोंड उघडलं नाही.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुढे सांगते आहे, पण हे दुसरेही वाचणार आहेत. तेव्हा ऐकून घ्या.

आपल्या शाळेत दहावीनंतर तिथेच अकरावी. विज्ञान शाखेला बाकीचे विषय ठरलेले, फक्त शेवटच्या रकान्यात निवड होती: गणित किंवा भूगोल. अकरावीला तिथे जे लिहाल तेच बारावीच्या बोर्डाला. मुलांच्या फॉर्मवर न विचारता गणित. मुलींच्या घरी न विचारता भूगोल. "भूगोलात मार्क पडतात" असं सगळे बाप सांगायचे. खरी गोष्ट अशी की गणित घेतलं तर पोरगी इंजिनिअरिंगची सीईटी देणार, सीईटी दिली तर पुणं म्हणणार, पुणं म्हटलं की होस्टेल आलं. ते सगळं पुढे अडवत बसण्यापेक्षा रकान्यातच अडवलं की काम सोपं. कुणाला रागवायला नको, मारायला नको. एक शब्द लिहायचा.

अकरावीच्या वर्गशिक्षिका तुम्ही. फॉर्म तुमच्या अक्षरात भरले जायचे. एखादी मुलगी मधल्या सुट्टीत येऊन हळूच सांगायची, बाई, मला गणित पाहिजे, पण घरून सही मिळणार नाही. तुम्ही तिच्या फॉर्मवर पेन्सिलीने भूगोल लिहायचात. बाप यायचा, रकाना बोट ठेवून वाचायचा, पेनाने सही करून जायचा. मग तुम्ही खोडरबर काढायचात, आणि त्याच जागी निळ्या शाईत गणित. जी स्वतः मागायला आली तिच्याच फॉर्मवर, दुसरीच्या नाही. सहामाहीच्या सुमाराला बापाला पत्ता लागायचा. तो शाळेत यायचा आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. "अहो, चुकलं वाटतं माझ्याकडून. आता नावं पुढे गेली, बदलता यायचं नाही." बाप चडफडत परत जायचा. गावात तुमचं नाव झालं होतं: बाई शिकवायला लई भारी, पण फॉर्म भरताना घोळ घालत्यात.

इतकी वर्षं एवढा बावळटपणा अंगावर घेऊन वावरणं मला जमलं नसतं. माझ्या पत्रकात एक वेलांटी चुकली असं कुणी म्हणालं तरी माझा दिवस वाया जातो.

आता माझी पायरी.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आमच्या शिक्षणहक्क मंचाची पोस्टरं लावायला शाळेत आले होते. मंच म्हणजे आम्ही पाच-सहा जणी आणि एक बॅनर. तुम्ही मला शिक्षकखोलीत बसवलंत, चहा सांगितलात आणि तासावर गेलात. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा होता. वारा आला, वरचे उडाले, मी उचलायला गेले आणि पाहिलं. मुलांचे सगळे शाईने. सात मुलींचे पेन्सिलीने, सातांवर भूगोल, अक्षर तुमचं, खाली बापांच्या सह्या पेनाने. मी मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

तुम्ही चाळीस मिनिटांनी परत येणार होतात. मी थांबले नाही. चहासुद्धा तसाच ठेवला. आमच्या शिबिरात पत्रक लिहायला शिकवलं होतं: अन्याय कोणी केला, कोणावर केला, आपली मागणी काय. ज्याच्यावर लिहितोय त्याला आधी जाऊन विचारायचं, हे शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं का? तेवढं तर मला घरीच कळायला हवं होतं.

"मुलींचं भविष्य पेन्सिलीने का?" असं मथळ्यात टाकलं. मला तो मथळा फार आवडला होता. खाली फोटो. मुलींची नावं झाकली, तुमचं अक्षर झाकलं नाही. तुमचं नावही लिहिलं नव्हतं, "एक वर्गशिक्षिका" एवढंच. पण त्या अक्षरात गावातल्या निम्म्या लोकांची प्रगतिपुस्तकं भरली गेली होती. मंगळवारच्या बाजारात पत्रक वाटलं. बुधवारी बाप शाळेत.

ते माझ्या बाजूने आले नव्हते, बाई. मला वाटलं होतं लोक चिडतील, मुलींना गणित द्या म्हणतील. ते चिडले ते पेन्सिलीवर. "पेन्सिल म्हंजी उद्या कुनीबी खोडंल." एकाने विचारलं, मागच्या साली माझ्या पोरीचं गणित असंच झालं का? मुख्याध्यापक घाबरले. सगळे फॉर्म नव्याने, बापांच्या हाताने, केबिनमध्ये, शाईत. सात मुली बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. सातही फॉर्मांवर भूगोल. त्यानंतर तुमच्याकडचं फॉर्मचं काम काढून घेतलं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात.

तुम्ही मला बोलावलंत ते पाण्याच्या टाकीपाशी. मी भांडायच्या तयारीनेच आले होते.

"तू लिहिलंस ना ते?"

"हो."

"षड्यंत्र हा शब्द तीनदा आलाय. एकदा पुरला असता."

मग तुम्ही खोडरबराची गोष्ट सांगितलीत. उभ्या उभ्या, आवाज न चढवता, एखादं प्रमेय सांगावं तशी. मला सगळं कळलं. तरी मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तुम्ही गेल्यापासून तर जास्तच.

"मग हे तुम्ही उघड सांगायला पाहिजे होतं, बाई."

"कुणाला? बापांना? काय सांगू, तुमच्या पोरींना मी चोरून गणित दिलं?"

"हो. सांगायचं. भांडायचं. फसवून मिळालेला हक्क हा हक्क नसतो."

"असेल. पण बोर्डाच्या पेपरात गणित सोडवावं लागतं. ते हक्काचं आहे का चोरीचं, असा प्रश्न कधी येत नाही."

"तुमची पद्धत चुकीची होती."

"होती तर होती. तू भांड. मला फॉर्म भरायचे होते."

आणि घंटा झाली. तुम्ही तासावर गेलात. मी "चुकलं माझं" म्हणाले नाही. पद्धतीवर बोलले. समोरच्याचं घर जळत असताना त्याला काडेपेटीवर व्याख्यान द्यावं तसं.

आणि खरं सांगू, मला अजून वाटतं की माझा मुद्दा खोटा नव्हता. तुम्ही वर्षाला पाच-सहा मुली सोडवल्यात. पण ज्या घाबरून मागायलाच आल्या नाहीत त्यांचं काय? प्रत्येक बापाला वाटत राहिलं की भूगोल हाच कायदा आहे आणि गणित ही बाईंची चूक. कुणाला आपलं मत तपासावंच लागलं नाही. हे मी तुम्हाला नीट, शांतपणे सांगायला हवं होतं. तुम्हीही काही तरी बोलला असतात. ते काय असतं, याचा मी रोज अंदाज बांधते आणि रोज तुमचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं निघतं.

त्या सात जणींतली एक आस्मा. रफिकभाईंची मुलगी. नेवासा रोडला त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट, ग्रिल, गोठ्यांचे शेड करतात. शेडच्या छपराखालच्या लोखंडी त्रिकोणी कैच्यांचे कोन आस्मा काढून द्यायची, नववीत असल्यापासून. रफिकभाई गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचे, "पोरीनं काढलंय माप, बोटभर हलायचं न्हाई." तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. आणि तिच्या फॉर्मवर शाईने भूगोल लिहिला तो त्याच रफिकभाईंनी. "तिला येतंय की गणित," असं ते मुख्याध्यापकांना म्हणाले होते. "येतंय त्याची परीक्षा कशाला द्यायची?"

बाकी सहा जणींचं काय झालं ते मी बरेच दिवस विचारलंच नाही. आता विचारलं. दोघींची लग्नं झाली. एक नर्सिंगला आहे आणि खुशीत आहे. उरलेल्या तिघींपैकी एकीने माझा फोन कट केला.

मागच्या डिसेंबरात तुम्ही श्रीरामपूर स्टँडवर भेटलात, आठवतंय? नाताळच्या खरेदीची पिशवी होती, तिच्यातून कागदी चांदणीचं एक टोक बाहेर आलेलं. नेवाशाची गाडी लागली होती आणि ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. मी तुम्हाला टाळूनच जाणार होते. तुम्हीच हाक मारलीत.

"काय गं, कुणावर मोर्चा आज?"

तुम्ही सांगितलंत की आस्मा दर रविवारी तुमच्याकडे येते. तुमची प्रार्थना आटोपली की दुपारी, दोन तास, नुसतं गणित. बारावी झाली की तुरळक विषय म्हणून एकट्या गणिताचा पेपर बाहेरून देता येतो, ते तुम्ही शोधून काढलं होतं. मला, शिक्षणहक्काच्या कार्यकर्तीला, हा नियम माहीत नव्हता.

"मी पण येते शिकवायला," मी म्हणाले. "माझी बीएस्सी गणितातच आहे."

"ये की. पण शिकवायलाच ये. बोलायला नको येऊस."

मग तुम्ही म्हणालात की फॉर्म भरायच्या आधी रफिककडे जाणार आहे. सरळ विचारणार. आस्मा अठराची झाली होती, सही नसती तरी चाललं असतं, पण या खेपेला बापाला सांगूनच करायचं असं तुम्ही ठरवलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. कसं वाटलं तेही सांगते, कारण इथे लपवण्यात अर्थ नाही: मला जिंकल्यासारखं वाटलं.

"बघा बाई, शेवटी माझी पद्धत पटली ना?"

"पटली नाही गं. दुसरी उरली नाही."

ड्रायव्हर आला. तुम्ही चढलात. मी रविवारी येते म्हणाले आणि आले नाही. त्या रविवारी नगरला धरणं होतं. पुढच्या रविवारी काही नव्हतं, तरी आले नाही. तुमच्या दारात उभं राहून आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमत नव्हतं. सगळे रविवार असेच गेले. मग तुम्ही गेल्याचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी आमच्या अण्णांना विचारलं. मी दर भाषणात सांगत आले, तुम्हीही ऐकलं असेल, की मी दहावीनंतर घरात तीन दिवस जेवले नाही आणि बापाकडून गणित मिळवलं. टाळ्या पडतात त्याला. मी अण्णांना म्हटलं, माझ्या अकरावीच्या फॉर्मवर तुम्ही सही केली तेव्हा काय लिहिलं होतं? अण्णा डेअरीवरून आले होते, पाय धूत होते.

"आता मला काय आठवतंय? सही केली हुती."

"भूगोल होतं की गणित?"

"जे बाईंनी दावलं त्यावर केली."

"पेन्सिलीने होतं का?"

"तू आता वकील झाली का काय? जेव."

आईलाही आठवत नाही. मी तुमच्याकडे पेन्सिल मागायला आले नव्हते, एवढं नक्की. पण माझी मैत्रीण आली असेल माझ्यासाठी. किंवा तुम्ही मला घरी उपाशी बसलेलं ओळखलं असेल. किंवा अण्णांनी खरंच गणितावर सही केली असेल. हे एकट्या तुम्हालाच माहीत होतं. पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही तसं एक वाक्य बोलला असतात तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तुम्ही बोलला नाहीत. बोलण्यासारखं नव्हतं म्हणून, की होतं म्हणून?

भाषणातून ते तीन दिवस मी काढून टाकलेत.

मागच्या आठवड्यात रफिकभाईंकडे गेले. म्हटलं, बाईंचं राहिलेलं काम आपण करू. उघडपणे, माझ्या पद्धतीने. दुकानात एका गेटचं काम चाललं होतं. आस्मा आत वहीत काही लिहीत होती, तिने मान वर केली नाही. मी म्हणाले, रफिकभाई, साळवे बाई तुमच्याकडे येणार होत्या, आस्माच्या गणितासाठी.

"आल्या हुत्या," ते म्हणाले. "जानेवारीत."

मला हे माहीत नव्हतं.

"मग?"

"म्या न्हाई म्हनलो."

त्यांनी गल्ल्याच्या खणातून एक कागद काढला, चार घड्या घातलेला. आमचं पत्रक. "बाई इथं बसल्या, चा बी घेतला न्हाई. म्हनल्या, आस्माला बसू द्या परीक्षेला. म्या हे दावलं. म्हनलो बाई, तवा तुमीच पेन्सिलीनं भूगोल लिवलं, हितं छापलंय. आज गणित म्हनताय. उद्या काय म्हनाल? तुमच्यावर इस्वास कसा ठेवू?"

"त्या काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. वाचलं, घडी घातली, परत दिलं. उठून गेल्या."

तुम्ही तिथेही खोडरबराची गोष्ट सांगितली नाहीत, बाई. सांगितली असतीत तर आधीच्या सगळ्या मुली उघड्या पडल्या असत्या. आता ती सांगायला मी मोकळी आहे, कारण अकरावीचे अर्ज मोबाईलवर आलेत, ओटीपी बापाच्या नंबरवर जातो, म्हणजे खोडरबराची वाट तशीही बंद झाली, आणि तुमच्या जुन्या मुली कमावत्या झाल्यात नाहीतर पुढच्या कॉलेजात रुळल्यात, त्यांना आता कोणी माघारी आणू शकत नाही. तुमच्या बहिणीला, रूथमावशींना, विचारून लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही. तिला आता कसला मेमो येणार आहे?"

मी रफिकभाईंना सांगितलं. ते पत्रक मी लिहिलं. न विचारता लिहिलं. मग पेन्सिल, खोडरबर, शाई, सगळं. ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवून ऐकत राहिले. आस्मानेही वही मिटली होती.

"मंजी तवा तुमी गप बसला असता तर माझ्या पोरीनं गणित केलं असतं."

"हो."

"आन् मला बी फशिवलं असतं."

"हो."

त्यांनी चष्मा काढून गेटवर अडकवला. मग विचारलं, "हे बाईंला बोलला का? की तुमचं चुकलं?"

"नाही."

"का?"

त्यांनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "बाजारात वाटलं हुतं ना हे? मग आता जे मला सांगितलं ते बी छापा. जेवढं वाटलं तेवढंच वाटा. लोकास्नी कळू द्या. मग मी फॉर्मचं बघतो."

"आणि मुदत गेली तर?"

"तर लवकर छापा."

आस्मा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी तिला म्हणाले, तुला माझा राग असेल. ती म्हणाली, "आहे. पण बाई म्हणायच्या, राग आला की एक इंटिग्रेशन सोडव. माझं पूर्ण प्रकरण झालंय तुमच्या नावाने."

काल हे सगळं तिला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी थांबली, पण कुठे ते सांगितलं नाही. मग म्हणाली, "ताई, लई लांब झालं. अब्बा एवढं वाचणार न्हाईत. त्यांच्यासाठी खाली चार ओळी वेगळ्या टाका. सरळ लिहा, आणि षड्यंत्र वगैरे नको."

तेव्हा बाई, बाकीचं तुमच्यासाठी होतं. पुढच्या चार ओळी रफिकभाईंसाठी आणि मंगळवारच्या बाजारासाठी. तुम्हाला जे म्हणायला मी दोन वर्षं टाळलं, तेही त्यातच आहे.

साळवे बाईंनी कोणत्याही मुलीचं गणित काढून घेतलं नाही. त्यांनी ते मुलींना मिळवून दिलं.
सात मुलींचं गणित गेलं ते मी लिहिलेल्या पत्रकामुळे.
मी बाईंना विचारलं नाही. माझं चुकलं.
आस्माला फॉर्म भरू द्या. मुदत शनिवारपर्यंत आहे.